हरणाच्या शिकारीला मॅग्नमच हवी, हे खरं नाही

नोव्हेंबरचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये एक संदेश फिरू लागतो. नुकताच शिकारीचा परवाना काढलेले लोक तो एकमेकांना पाठवतात. त्याचा सारांश असा: हरणासाठी रायफल घ्यायची तर .३०० विंचेस्टर मॅग्नमच घ्या, म्हणजे जास्त दारू भरलेल्या, मोठ्या काडतुसाची रायफल. (.३००, .२४३ हे आकडे साधारणपणे गोळीच्या इंचांतल्या व्यासाचे.) मोठ्या काडतुसाने हरीण जागच्या जागी आडवं होतं. .२४३ ही पोराटोरांची रायफल, तिने हरीण नुसतं जखमी होऊन पळतं. मोठ्या काडतुसाला नेम थोडा चुकला तरी चालतो. आणि एकदा ती घेतली की हरणापासून एल्कपर्यंत (हरणाच्याच कुळातलं, पण कितीतरी मोठं जनावर) दुसरी बघायला नको.

या सल्ल्याची किंमत शेवटी जनावर मोजतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. भारतातल्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे बोलणं चाललंय ते अमेरिकेत परवान्याने, ठरलेल्या हंगामात होणाऱ्या व्हाइटटेल हरणाच्या शिकारीबद्दल.

पहिला दावा, मोठ्या गोळीच्या धक्क्याने हरीण आडवं होतं. हिशेब करून बघा. .३०० विंचेस्टर मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅम वजन. ती सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. तिचा सगळाच्या सगळा संवेग ७० किलोच्या हरणात उतरला असं धरलं, तरी त्या हरणाला मिळणारा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर. रांगणारं मूल याहून जोरात जातं. शिवाय रायफलचा दस्ता तुमच्या खांद्याला जो धक्का देतो, तो निदान तेवढाच असतो. तुम्ही उडून पडत नाही, मग तुमच्याच वजनाचं हरीण का पडावं?

हरीण मरतं ते फुप्फुसं किंवा हृदय फाटल्यामुळे. रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि जनावर कोसळतं. याला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात हरीण सहज ५० यार्ड पळतं. अगदी अचूक गोळी लागली तरी पळतं. जागच्या जागी पडतं ते मेंदू किंवा पाठीचा कणा दुखावला तर, नाहीतर दोन्ही खांदे मोडले तर. साउथ कॅरोलायनात ४९३ हरणांच्या नोंदी ठेवून हेच तपासलं गेलं होतं. वेगवेगळ्या कॅलिबरच्या, म्हणजे गोळीच्या व्यासाच्या, रायफलींनी मारलेली हरणं किती लांब गेली, यात लक्षात घेण्यासारखा फरक निघाला नाही. फरक पडला तो गोळी कुठे लागली याने. हा निष्कर्ष दर हंगामाआधी प्रत्येकाने वाचावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दावा, .२४३ने हरीण फक्त जखमी होतं. या दाव्याचा मला खरंच राग येतो, कारण तो ऐकून कित्येक नवखे लोक त्यांना पेलणारी रायफल सोडून न पेलणारी घेतात. .२४३ विंचेस्टर १९५५ साली आली, .३०८चंच काडतूस मानेपाशी आवळून केलेली. तिची १०० ग्रेनची गोळी नळीतून निघताना १,९०० फूट-पाउंडांच्या वर ऊर्जा घेऊन निघते आणि २०० यार्डांवरही तिच्यात सुमारे १,३०० उरतात. कोलोरॅडो राज्याने हरणासाठी कायद्याने घातलेली किमान अट आहे .२४ कॅलिबर आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड. .२४३ यात आरामात बसते. आणि १८९५पासून चालत आलेली जुनी .३०-३०? २०० यार्डांवर तिच्या नेहमीच्या बोथट गोळीत एक हजारही उरत नाहीत. तरी पूर्वेकडच्या दाट जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या तिने हरणं मारली, कारण तिथे गोळी झाडली जाते तीच मुळी कमी अंतरावर.

मात्र .२४३मध्ये गोळी कोणती भरता याला फार महत्त्व आहे. ५५ ते ६० ग्रेनच्या काही हलक्या गोळ्या घुशीसारख्या छोट्या जनावरांसाठी केलेल्या असतात. त्या हरणाच्या खांद्याच्या हाडावर फुटून विखुरतात आणि आत पोचतच नाहीत. ‘.२४३ने हरीण पळालं’ अशी तक्रार कानावर आली की मी आधी विचारतो, काडतुसांचा डबा कुठला होता? हरणासाठी ९० ते १०० ग्रेनची, नीट पसरणारी पण एकसंध राहणारी गोळी घ्यावी.

मॅग्नमवाल्यांनाही हे चुकलेलं नाही. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाचे अमेरिकन शिकारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या, म्हणजे हरणाच्या कुळातल्या सगळ्यांत मोठ्या जनावराच्या, शिकारीला गेले होते. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, म्हणजे त्या काळची दणकट रायफल. पण चिखलाने माखलेल्या जाड कातडीवर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या. ताकद भरपूर होती, गोळीची बांधणी कच्ची होती. त्यातूनच त्यांनी मध्ये तांब्याचा आडपडदा असलेली पार्टिशन गोळी केली आणि १९४८पासून ती बाजारात आली. त्या अनुभवाने आणखी मोठी रायफल घ्यायला लावली नाही, गोळी सुधारायला लावली.

तिसरा दावा सगळ्यांत घातक आहे: नेम थोडा चुकला तरी चालतं. .२४३च्या गोळीचा व्यास ६.१७ मिलिमीटर, .३०० मॅग्नमच्या गोळीचा ७.८२. फरक दीड मिलिमीटरच्या जरासा वर. आत जाऊन दोन्ही गोळ्या पसरल्या, दुप्पट झाल्या, तरी फरक तीन-साडेतीन मिलिमीटरचा. आणि हरणाच्या छातीतली मर्माची जागा म्हणजे साधारण आठ इंचांचं वर्तुळ. त्याच्या बाहेर वीतभर मागे, पोटात गोळी गेली, तर ती .२४३ची असो की मॅग्नमची, हरीण झुडपात जाऊन तासन्‌तास तडफडत पडतं. तीन मिलिमीटरांनी ती वीत भरून निघत नाही.

उलट मॅग्नममुळे नेम चुकण्याची शक्यताच वाढते. साधारण सारख्या वजनाच्या रायफली धरल्या तर .३०० मॅग्नमच्या धक्क्याची ऊर्जा .२४३च्या जवळपास तिप्पट असते. दोन-चार गोळ्या झाडल्या की नवख्या माणसाचं अंग तो धक्का ओळखतं आणि चाप दाबण्याआधीच डोळे मिटतं, खांदा पुढे ढकलतं. स्वतःला हे कळत नाही. तपासायचं असेल तर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, मित्राला रायफल भरायला सांगा: कधी खरं काडतूस, कधी दारू नसलेलं नकली, तुम्हाला न सांगता. नकली काडतुसावर चाप दाबताना नळी खाली झुकलेली दिसली की समजायचं. दंडाचे स्नायू कितीही पिळदार असले तरी हे होतं. शिवाय एका डब्याचे पैसे जास्त, खांदा दुखतो, म्हणून माणूस सरावच टाळतो. मग हंगामाच्या पहिल्या पहाटे, थंडीत, धडधडत्या छातीने, समोर जिवंत जनावर असताना तो कितपत नेम धरणार?

जवळून मॅग्नमची वेगवान गोळी लागली तर खांद्याचं मटण रक्ताने काळवंडून फेकून द्यावं लागतं, हेही आहेच. रश्श्यासाठी मेहनत घेणाऱ्यांना ते परवडत नाही.

राहिला शेवटचा दावा, एकच रायफल सगळीकडे चालते. एल्कसाठी .३०८ किंवा .३०-०६ योग्य गोळीसह आणि माफक अंतरावर पुरेशी आहे. त्यासाठी मॅग्नमची सक्ती नाही. पण त्याआधी राज्याचा कायदा बघा. ओहायोत हरणाच्या हंगामात बाटलीसारखी मान असलेलं काडतूस रायफलीत चालतच नाही. तिथे सरळ भिंतीचं, .३५७ ते .५० दरम्यानचं काडतूस लागतं, म्हणून तर २०१९मध्ये आलेली .३५० लेजंड तिथे इतकी दिसते. .३०० मॅग्नम घेऊन ओहायोत राहणाऱ्याने हरणाला जायचं कशाने? कॅलिफोर्नियात जुलै २०१९पासून शिकारीसाठी शिशाची गोळीच बंद आहे, तांब्याची किंवा दुसरी बिनशिशाची घ्यावी लागते.

आणि एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांसाठी खास: अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायला संघीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना हा त्यातला एक अपवाद. परवाना हातात नसताना कुणाच्या सांगण्यावरून दुकानात किंवा रेंजवर रायफल हातात घेऊ नका, आणि परवान्याची मुदत कधी संपते तेही लिहून ठेवा. संदेशात याबद्दल अवाक्षर नाही, याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं.

मला कुणी विचारलं तर राज्याचा कायदा पाहून .२४३, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमोर किंवा .३०८ यांतली खांद्याला सोसेल ती घ्यायला सांगतो. वाचलेल्या पैशांत काडतुसांचे डबे घ्या आणि नोव्हेंबरआधी रेंजवर जा. बाकाला टेकवून नव्हे, तर बसून, गुडघ्यावर आणि झाडाचा आधार घेऊन झाडा. ज्या अंतरावर तुमच्या सगळ्या गोळ्या आठ इंचांच्या ताटलीत बसत नाहीत, तेवढ्या लांबच्या हरणावर चाप दाबू नका.