एलिझाबेथने म्हणे वाडा बघून होकार दिला

जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीबद्दलची एक पोस्ट फिरत फिरत परत परत माझ्यापर्यंत येते. तिचं म्हणणं असं: ही प्रेमकथा वगैरे काही नाही. एलिझाबेथ बेनेटने डार्सीला आधी नकार दिला, कारण तो किती गडगंज आहे हे तिला कळलं नव्हतं. मग त्याचा पेंबर्लीचा वाडा पाहिला आणि बाई पाघळली. पुढे बहिणीजवळ तिने तसं कबूलही केलं. तिच्यापेक्षा मैत्रीण शार्लट बरी, ती निदान ढोंग करत नाही.

आरोप जुना आहे. कादंबरी १८१३ ची, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने ऑस्टेनच्याच ‘एमा’ या कादंबरीवर लिहिताना हाच चिमटा काढला होता: डार्सीचा देखणा वाडा दिसेपर्यंत आपण मूर्खपणा केला हे एलिझाबेथच्या लक्षात येत नाही. म्हणजे पोस्ट लिहिणाऱ्याची संगत मोठी आहे. चूकही तीच आहे.

‘श्रीमंती माहीत नव्हती.’ डार्सी मेरिटनच्या नाचाच्या दालनात शिरतो आणि पाच मिनिटांत साऱ्या गावाला कळतं की त्याचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड आहे. तिसऱ्या प्रकरणातली गोष्ट ही. एलिझाबेथला स्वतःचाही हिशेब पाठ होता, कारण दूरचा नातेवाईक कॉलिन्स याने मागणी घालतानाच तो तिच्या तोंडावर वाचून दाखवला होता: तुझ्या नावावर काय ते चार टक्के व्याजाचे १,००० पौंड, तेही आई गेल्यावर. म्हणजे वर्षाला ४० पौंड. ही मुलगी १०,००० वाल्याला नाही म्हणते, आणि त्याच्याआधी कॉलिन्सलाही नाही म्हणून झालेलं असतं. कॉलिन्सला हो म्हटलं असतं तर राहतं घर तरी घरात राहिलं असतं, कारण बेनेटांची लाँगबोर्नची इस्टेट फक्त पुरुष वारसाकडे जाणारी, आणि तो वारस कॉलिन्सच.

इथे जरा थांबतो, कारण एलिझाबेथच्या आईला, बेनेटबाईंना, हसणारे सगळे हे विसरतात. बेनेटसाहेबांचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड होतं, पण त्यांनी दमडी मागे टाकली नाही. का? तर मुलगा होणारच होता. तो सज्ञान झाला की बापलेक मिळून इस्टेटीवरचं ते बंधन मोडणार होते. एकामागून एक पाच मुली झाल्या. धाकट्या लिडियानंतरही बाईंना बरीच वर्षं मुलाची खात्री होती, आणि आशा सुटली तेव्हा काटकसरीला फार उशीर झाला होता. वंशाच्या दिव्याची वाट बघत संसार खर्चून बसलेली माणसं फक्त आपल्याकडेच नव्हती. बाईंचा आरडाओरडा असह्य आहे, कबूल. पण पाच उपवर मुली आणि उद्या डोक्यावर छप्पर नाही हे गणित त्यांनी चुकवलेलं नव्हतं.

‘वाडा पाहिला आणि पाघळली.’ पेंबर्ली येतं त्रेचाळिसाव्या प्रकरणात. नकारानंतर डार्सीने लिहिलेलं पत्र वाचून ‘या घडीपर्यंत मी स्वतःलाच ओळखत नव्हते’ असं ती मनाशी म्हणते ते छत्तिसाव्यात. आणि पेंबर्लीला ती काही धावत जात नाही. मालक घरी नाहीत ना, हे आदल्या रात्री सराईतल्या मोलकरणीकडून काढून घेते, मगच मामा-मामींबरोबर निघते.

हो, वाडा बघून ‘इथली मालकीण होणं म्हणजे काहीतरी होतं!’ असं तिला वाटतं. पोस्ट इथेच थांबते. कादंबरी थांबत नाही. मी इथे मामा-मामींचं स्वागत केलं असतं, असं ती रंगवू लागते आणि मध्येच तिला आठवतं: छे, त्यांना इथे बोलावूच दिलं नसतं. मामा पडला व्यापारी, राहणार लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर. बरं झालं आठवलं, नाहीतर हळहळ वाटली असती. वाड्याच्या मोहात पडलेल्या मुलीला मोहाच्या ऐन क्षणी मामा आठवत नाही.

मग घर दाखवणाऱ्या रेनल्ड्सबाई बोलू लागतात. मालकाला त्या चार वर्षांचा असल्यापासून ओळखतात, एक वाकडा शब्द त्याने कधी काढलेला नाही, कुळं आणि नोकर त्याचं नाव चांगलंच घेतील. मराठीत स्थळ म्हणजे जागाही आणि लग्नाचं स्थळही. एलिझाबेथ ती जागा बघायला गेली आणि चौकशी आपसूक झाली, तीही घरच्या जुन्या माणसाकडून. घर मोजलं जातंय ते इथे, खोल्यांवरून नव्हे. वाड्याचा परिणाम झालाच नाही असं मी म्हणणार नाही. तो झाला, पण मालक घरात कसा वागतो याचा पुरावा म्हणून.

शार्लटबद्दल फार वाद नाही. ती सत्तावीस वर्षांची, रूप नाही, पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सशीच ती लग्न करते. आपल्याला फक्त सुखाचं घर हवंय असं ती स्वतःच सांगते. ढोंग नाही हे खरं. पण लग्नानंतरची शार्लट पोस्टवाल्याने बघितलेली दिसत नाही: स्वतःला बसायला ती मुद्दाम मागची खोली निवडते, म्हणजे नवरा रस्ता दिसणाऱ्या पुढच्या खोलीत रमेल, आणि बागकाम तब्येतीला फार चांगलं, असं त्याला सांगत राहते. ऑस्टेनला हा सौदा आतून माहीत होता. १८०२ च्या डिसेंबरमध्ये, सत्ताविशीच्या उंबरठ्यावर, तिने हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाला होकार दिला आणि दुसऱ्या सकाळी मोडला.

राहिला ‘कबुलीजबाब’. प्रेम कधी जडलं असं बहीण जेन विचारते, तेव्हा एलिझाबेथ म्हणते की पेंबर्लीची सुंदर बाग पहिल्यांदा बघितली तेव्हापासून धरावं लागेल. लगेच पुढच्या वाक्यात जेन तिला विनवते की आता थट्टा पुरे. हे वाक्य पोस्टमध्ये नसतं. त्याच प्रकरणात पोस्टवाल्याची शंका खुद्द बेनेटसाहेब घेतात: तो श्रीमंत आहे खरा, जेनपेक्षा भारी कपडे आणि गाड्या मिळतील, पण त्याने तू सुखी होशील का? बहिणीशी थट्टा करणारी तीच मुलगी बापासमोर डोळ्यांत पाणी आणून सांगते, माझं प्रेम आहे त्याच्यावर.

पैशाचं नाव ऐकून मत फिरवणारं माणूस त्या प्रकरणात आहेच. कालपर्यंत डार्सीचं तोंड बघायला तयार नसलेल्या बेनेटबाई बातमी कळताच आधी सुन्न बसतात, मग ‘वर्षाला दहा हजार!’ करत खोलीभर उठबस करतात आणि एलिझाबेथला विचारतात, त्यांना जेवायला विशेष काय आवडतं, उद्याच करते. पेंबर्ली त्यांनी पाहिलेलंही नसतं.