48 टाचण्या आणि 70 मिनिटं

पालकांच्या ग्रुपवर आज कुणीतरी लिहिलं, "जोडतास म्हणजे पोरांना 70 मिनिटं डांबून ठेवणं." जोडतास, म्हणजे एकाच विषयाच्या दोन तासिका सलग. खाली अंगठ्यांची रांग. अहो, दहावीला प्रकाशाचं अपवर्तन, म्हणजे काचेत शिरताना किरण कसा वाकतो ते, एका तासिकेच्या 35 मिनिटांत करून दाखवा, मग बोलू.

हिशोब मांडते. बाई तिसऱ्या मजल्यावरून येईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली. साठ मुलांचे बारा गट. प्रत्येकाला काचेची चीप, ड्रॉइंग बोर्ड, कोनमापक, चार टाचण्या. वाटपात सहा मिनिटं, गोळा करण्यात पाच. उरली जेमतेम वीस. त्यात चीप आखायची, स्तंभिका (चिपेच्या कडेला काटकोनातली रेष) काढायची, 30 अंशांचा किरण आखून दोन टाचण्या टोचायच्या आणि पलीकडून डोळा लावून उरलेल्या दोन त्याच रेषेत आणायच्या. मुलं हमखास टाचणीच्या डोक्याकडे बघतात. बघायचं असतं बुडाकडे, कारण टाचणी जराशी तिरकी असली की डोकं फसवतं. दोन टाचण्यांत पाच सेंटिमीटर अंतर ठेवा म्हटलं तरी दोनच ठेवतात, मग किरण भलतीकडेच जातो. चूक कळते तेव्हा घंटा होते.

एकाच कोनाचं उत्तर घेऊन काय करायचं? किरण 30 अंशांनी आत शिरला तर काचेतला कोन साडेएकोणीसच्या आसपास, 45 ला 28, 60 ला 35. प्रत्येक जोडीत बाहेरच्या आणि काचेतल्या कोनाच्या साइनचं गुणोत्तर काढलं की दर वेळी दीडच्या जवळपास येतं. तिथे पोरं चमकतात. तेवढ्यासाठी तर प्रयोग करायचा! नाहीतर पाठ करा काचेचा अपवर्तनांक 1.5 आणि लिहा बोर्डाच्या पेपरात.

ठाण्यातल्या सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांच्या शाळांत आठ तासिका घेतल्या की रोजच्या बदलाबदलीतच एक आख्खी तासिका जिन्यात संपते. हे कुणालाच खुपत नाही.

बरं, मान्य. पावसात लोकल रखडली की दिवा-कळव्याच्या मुलाचा पहिला जोडतास पुरता बुडतो. म्हणून तो पहिला ठेवूच नका. आणि गणित, इंग्रजी, संस्कृतला रोजचा हात लागतो, त्यांना छोट्याच तासिका हव्यात. अमेरिकेत बऱ्याच शाळांनी 90 मिनिटांचे चार तास करून वर्षाचा विषय अर्ध्या वर्षात उरकायची पद्धत घेतली. त्यात गणित पहिल्या सत्रात आलं तर पुढचं गणित येईपर्यंत कित्येक महिने कोरडे. ते आपल्याला नकोच.

आता खरा राग आमच्याच लोकांवर. जोडतास मिळाला की काही जण 70 मिनिटं फळा भरतात. मुलं डुलक्या घेणार नाहीत तर काय! दुपारच्या अधिवेशनात, पंखा वरच्या वर कुरकुरत असताना, पंधरा मिनिटांपुढे सलग ऐकणं मोठ्यांनाही जमत नाही, सभेत बघतोच की आपण. तास कापून घ्या. दहा मिनिटं मांडणी, चाळीस हातांनी काम, पंधरा आकडे फळ्यावर घेऊन भांडण. कुणाचा 1.5, कुणाचा 1.8, का? 1.8 वाल्याची चीप मधेच सरकलेली असते. त्याचं त्यालाच सापडू द्या, सांगू नका.

शेवटची पाच मिनिटं टाचण्या मोजायला. 48 दिल्या तर 48 परत घ्या. एक कमी भरतेच. बाकाच्या फटीत बघा.