श्ट्रोमायर तंबूवाल्यांबद्दल थोडं अजून

तुमचा श्ट्रोमायर कंपनीवरचा लेख आवडला, जर्मनीतल्या कॉन्स्टान्सच्या या तंबू कंपनीबद्दल मराठीत वाचायला मिळेल असं वाटलंच नव्हतं. पण 1872 ची स्थापना, सर्कस आणि जत्रांचे मोठे तंबू हे सगळं नीट सांगून शेवटचा भाग दोन ओळींत उरकलात, खरी मजा तर तिथेच आहे हो! फ्राय ओट्टो नावाचा तरुण आर्किटेक्ट 1950 च्या दशकात त्याच घराण्यातल्या पेटर श्ट्रोमायरकडे आला आणि त्या माणसाने आपला कारखाना, कारागीर, शिलाई मशीन सगळं त्याच्यासाठी मोकळं केलं. 1955 ला कासेलच्या बाग प्रदर्शनात बँडसाठी जो मांडव झाला त्याचे फोटो जरूर बघा, साधं सुती कॅनव्हास, दोन टोकं वर, समोरासमोरची दोन खाली, त्यामुळे कापड एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळतं आणि दोन्हीकडून ताणलेलं राहतं म्हणून वाऱ्यात फडफडत नाही. आता असा आकार सपाट तागा नुसता ओढून येत नाही, पट्टे वक्र कापून जोडावे लागतात, म्हणजे इथे शिवणाऱ्याचा हात ड्रॉइंगइतकाच महत्त्वाचा. पुढे 1967 च्या माँट्रियल एक्स्पोतल्या (जागतिक प्रदर्शनातल्या) जर्मन पॅव्हेलियनचं कापडही श्ट्रोमायर कंपनीनेच केलं. ओट्टोंना 2015 चं प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक, मिळालं ते योग्यच, पण पेटर आणि त्या शिवणाऱ्या लोकांचं नाव कुणीच घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, त्यांच्यावर एक वेगळा लेख लिहाच प्लीज.