फॉरमॅट मारूनही व्हायरस परत येतो, तेव्हा तो येतो कुठून? एका ‘हमखास उपाया’ला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय, ‘कॉम्प्युटरमधला चिवट व्हायरस घालवायचा हमखास उपाय’ नावाचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नेट बंद करा, नेट नसलं की व्हायरसचं काही चालत नाही. टास्क मॅनेजरमध्ये एसव्हीसीहोस्ट नावाच्या डझनभर ओळी दिसतील, तोच व्हायरस, ती फाइल उडवा. दोन-तीन अँटिव्हायरस एकदम टाका, एकाच्या हातून सुटला तर दुसरा धरेल. तेवढ्यानं भागलं नाही तर सरळ फॉरमॅट मारा, शंभर टक्के जातो. आणि फॉरमॅटनंतरही आला तर तो हार्ड डिस्कमध्ये मुरलाय, डिस्क बदला.

महिन्याभरात हा मेसेज मला चौघांनी पाठवला, आणि चौघांनीही मदत म्हणूनच पाठवला. त्यामुळे त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. पण यातल्याच एका सल्ल्यापायी आमच्या दादाने स्कॅन करून ठेवलेले आईच्या तपासण्यांचे कागद गेले, आणि व्हायरस मात्र जागच्या जागी राहिला. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय. सुरुवात फॉरमॅटपासून, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

‘फॉरमॅट मारा, शंभर टक्के जातो’

दादाच्या लॅपटॉपवर काहीही शोधलं की निकाल भलत्याच पानावर उघडायचे. त्यानं फॉरमॅट मारला. चार दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा मारला. या दुसऱ्या वेळी मी शेजारी बसलो होतो. नवी कोरी विंडोज, डेस्कटॉपवर रिसायकल बिनशिवाय काही नाही. त्यानं ब्राउझर टाकला, स्वतःच्या खात्यानं लॉगिन केलं. आधी बुकमार्क आले, मग सेव्ह केलेले पासवर्ड, आणि मग ॲड्रेस बारच्या उजवीकडे एक छोटं हिरवं चिन्ह उगवलं. कूपन शोधून देणारं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. आमच्या डोळ्यांदेखत, मिनिटभराच्या आत.

म्हणजे ते डिस्कवर उरलेलंच नव्हतं. ते दादाच्या खात्यात होतं आणि खात्यातल्या गोष्टी प्रत्येक कॉम्प्युटरवर उतरवणारी सिंक ही सोय त्याला दर वेळी इमानेइतबारे परत आणत होती. सिंक चालू ठेवूनच यादीतून ते एक्स्टेन्शन काढलं, म्हणजे खात्यातूनही गेलं. सर्च इंजिन पूर्ववत केलं. पाच मिनिटांचं काम. कागदांचं फोल्डर डेस्कटॉपवर होतं, ते पहिल्याच फॉरमॅटमध्ये गेलं होतं.

ज्याला आपण चिवट व्हायरस म्हणतो तो बहुतेक वेळा न गेलेला नसतो, गेलेला असतो आणि परत आलेला असतो. त्याची परत यायची वाट सापडली नाही तर दहा वेळा फॉरमॅट मारला तरी फरक पडत नाही. सिंक ही एक वाट झाली. दुसरी वाट डी ड्राइव्हची. बहुतेक जण फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि डीमध्ये ‘सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात. सॅलिटीसारखे व्हायरस (सॅलिटी २००३ पासून माहीत आहे) दिसेल त्या ईएक्सई फाइलला, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलला, आपला कोड चिकटवतात. कोऱ्या विंडोजवर त्या फोल्डरातला एक सेटअप चालवला की खेळ पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी वाट पेन ड्राइव्हची, आणि ही फार घरांत दिसते. पेन ड्राइव्ह उघडला की फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात. खरी फोल्डरं लपवलेली असतात आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे केलेला असतो. क्लिक केलं की फोल्डर उघडतंही, त्यामुळे शंका येत नाही, पण सोबत एक स्क्रिप्टही, म्हणजे व्हायरसच्या आज्ञांची फाइल, चालते. पूर्वी पेन ड्राइव्ह नुसता लावला तरी ऑटोरनमधून, म्हणजे आतला प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, काम व्हायचं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हचं ऑटोरन काढून टाकलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसाच अपडेट दिला. त्यानंतर व्हायरस लिहिणाऱ्यांना आपल्या क्लिकची गरज पडायला लागली, आणि शॉर्टकट ती क्लिक मिळवून देतो. म्हणून कॉम्प्युटर साफ केल्यावर घरातले सगळे पेन ड्राइव्ह एकेक करून लावा, काहीही न उघडता आधी स्कॅन करा आणि मगच आत बघा. फाइली गेल्या असं वाटलं तरी पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. कमांड प्रॉम्प्टमधली ॲट्रिब ही कमांड लपवलेली फोल्डरं पुन्हा दाखवते.

चौथी वाट सगळ्यांना माहीत असते, पण बोलत कोणी नाही: फुकटात मिळवलेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा ॲक्टिव्हेटर, म्हणजे विकत न घेतलेली विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम. त्याच्या सूचनांमध्ये पहिली ओळ बहुधा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते. विंडोज नव्यानं टाकल्यावर त्याच दिवशी तोच ॲक्टिव्हेटर पुन्हा चालवला जातो, आणि नाव मात्र व्हायरसच्या चिवटपणाचं होतं.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. ईएक्सई फाइलींना लागण झाली असेल, किंवा कोणी दुरून कॉम्प्युटर चालवत होतं असं दिसत असेल, तर विंडोज नव्यानं टाकणंच बरं. पण आधी फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ वेगळ्या डिस्कवर काढा आणि त्यात ईएक्सई, एससीआर, बॅट, एलएनके अशा शेपटाची एकही फाइल जाऊ देऊ नका. फाइल एक्सप्लोररमध्ये हे शेपूट (यालाही एक्स्टेन्शनच म्हणतात) दिसण्याचा पर्याय चालू करून घ्या, म्हणजे फोटोच्या नावामागे लपलेलं ईएक्सई उघडं पडेल. विंडोज १० मध्ये २०२० पासून ‘रीसेट धिस पीसी’ करताना क्लाउड डाउनलोडचा पर्याय येतो. त्यात विंडोज मायक्रोसॉफ्टकडून नव्यानं उतरते, डिस्कवरच्या जुन्या फाइलींवर भिस्त राहत नाही.

आणि एका बाबतीत घाईचा फॉरमॅट म्हणजे हातानं केलेला घात आहे. रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, फाइली कुलूपबंद केल्या असतील तर त्या पुसू नका, जशा आहेत तशा वेगळ्या डिस्कवर ठेवा. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्या यांनी जुलै २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तिथे बऱ्याच प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात आणि त्यांत भर पडत असते. आज न उघडणारी फाइल पुढे उघडू शकते. पुसलेली उघडणार नाही.

‘एसव्हीसीहोस्ट म्हणजेच व्हायरस, उडवा’

हे वाचून मला २००२ सालची टेडी बेअरची ईमेल आठवली. जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई ही फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर शोधा, अस्वलाचं चित्र दिसेल, तो व्हायरस आहे, अँटिव्हायरसला तो सापडत नाही, लगेच उडवा आणि सगळ्यांना कळवा, असा तो मजकूर होता. लोकांनी शोधलं आणि अस्वल खरंच सापडलं, कारण ती विंडोजचीच, जावाच्या कामाची साधी फाइल होती. व्हायरस कॉम्प्युटरमध्ये नव्हताच. खोटी होती ती ईमेल, आणि फाइल उडवण्याचं काम लोकांनी स्वतःच्या हातानं केलं.

एसव्हीसीहोस्टचंही तेच. विंडोजच्या सेवा या फाइलीमार्फत चालतात. २०१७ च्या एका अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या विंडोज १० मध्ये बऱ्याचशा सेवा एकत्र न चालता वेगवेगळ्या चालायला लागल्या, म्हणून त्या ओळी पन्नासच्या वरही असू शकतात. त्यात काहीच वावगं नाही. त्या बंद करत सुटलात तर नेट जाईल, आवाज जाईल, कॉम्प्युटर मध्येच रीस्टार्टही होईल.

मेसेजमागची शंका मात्र अगदीच निराधार नाही, कारण व्हायरस हे नाव चोरतात. ओळखायचं जागेवरून. त्या ओळीवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघा. विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम ३२ मध्ये असेल तर ती खरी. ॲप डेटा किंवा टेम्पमध्ये असेल, किंवा नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल, तर संशय घ्या. तरीही हातानं उडवू नका. कॉम्प्युटर सुरू होताना ती फाइल चालवणारी नोंद टास्क शेड्युलरमध्ये, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) किंवा सर्व्हिसमध्ये शिल्लक राहते आणि ती पुन्हा नवी प्रत उतरवून घेते. मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट साधन या सगळ्या नोंदी एका जागी दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडला की यादी आटोक्यात येते. ओळ लगेच पुसायची नाही, आधी फक्त टिक काढायची, रीस्टार्ट करून बघायचं.

‘दोन-तीन अँटिव्हायरस एकदम टाका’

नका टाकू. सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना एकमेकांच्या आड येतात, कॉम्प्युटर रखडतो, आणि कधी एक दुसऱ्याच्याच फाइलींना व्हायरस समजतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर याच कारणासाठी दुसरा अँटिव्हायरस आला की आपणहून बाजूला होतो. दुसऱ्याचं मत हवंच असेल तर फक्त सांगितल्यावर स्कॅन करणारा, पहारा न देणारा स्कॅनर वापरा.

यापेक्षा कितीतरी उपयोगी गोष्ट विंडोजमध्ये आधीपासून आहे आणि त्या मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात ‘स्कॅन ऑप्शन्स’, आणि तिथे ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. हातातलं काम सेव्ह करून ते चालू करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि नेहमीची विंडोज सुरू व्हायच्या आधीच साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते. चालू विंडोजमध्ये व्हायरसही चालू असतो, स्वतःला लपवतो, अँटिव्हायरसचे हात बांधतो. विंडोजच झोपलेली असताना त्याला ते जमत नाही.

‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्याच पानावर ‘मॅनेज सेटिंग्ज’ उघडलं की खाली ‘एक्स्क्लुजन्स’ची यादी आहे, तीही उघडा. या यादीतल्या फोल्डरांकडे डिफेंडर बघतच नाही. कितीतरी ॲक्टिव्हेटर आणि व्हायरस तिथे आपला पत्ता, कधी तर अख्खा सी ड्राइव्ह, गुपचूप लिहून ठेवतात. मग तुम्ही कितीही वेळा स्कॅन करा, उत्तर ‘काही सापडलं नाही’ असंच येणार. तुम्ही स्वतः न घातलेली प्रत्येक ओळ काढा आणि मग पुन्हा स्कॅन करा.

‘नेट बंद असलं की व्हायरसचं काही चालत नाही’

यातलं अर्धं बरोबर आहे. संशय आल्याबरोबर नेट काढणं हे उत्तम पहिलं पाऊल, कारण बाहेर जाणारी माहिती थांबते आणि नवं काही उतरत नाही. पण व्हायरस तिथेच असतो. नोव्हेंबर २००८ मध्ये सापडलेला कॉनफिकर हा व्हायरस नेटवर्कमधून पसरायचा तसा पेन ड्राइव्हमधूनही पसरायचा, आणि अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडू द्यायचा नाही. असं होत असेल तर साफसफाईचं साधन दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर उतरवून आणा.

‘हार्ड डिस्कमध्ये मुरलाय, डिस्क बदला’

या समजुतीला जुना आधार आहे. १९८६ चा ब्रेन हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा, आणि त्याच्यामागून आलेले काही व्हायरस हार्ड डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्राइव्हच्या हद्दीबाहेर. सी फॉरमॅट केला तरी त्या जागेला हात लागत नसे. आज विंडोज टाकताना डिस्कवरची सगळी पार्टिशन (सी, डी असे भाग) पुसून नव्यानं केली की तो प्रश्न मिटतो. अर्थात त्या डिस्कवरचा सगळा डेटा आधी बाहेर काढलेला हवा.

खरोखर मुरणारे व्हायरसही आहेत. सीआयएच या व्हायरसनं २६ एप्रिल १९९९ ला कित्येक कॉम्प्युटरांची बायॉस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारी चिपच बिघडवली होती. २०१८ मध्ये ईसेट कंपनीला लोजॅक्स सापडला, तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहायचा. पण तो सरकारी कार्यालयांसारख्या निवडक ठिकाणी वापरला गेला होता, घरगुती कॉम्प्युटरवर असं काही असण्याची शक्यता फार कमी. आणि मुख्य म्हणजे अशा व्हायरसवर डिस्क बदलून काहीच होत नाही, तो डिस्कमध्ये नसतोच. म्हणजे हा सल्ला साध्या व्हायरसला नको तितका महाग आणि खऱ्या मुरलेल्याला निरुपयोगी.

डिस्कवर पैसे घालण्याआधी फोन हातात घ्या. घरातल्या वायफायवर फोनमध्येही भलतीच पानं उघडतायत आणि मोबाइल डेटावर मात्र सगळं सुरळीत आहे, असं दिसलं तर दोष राउटरमध्ये शोधा. डीएनएसचेंजर या व्हायरसनं शंभरहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर खोट्या पत्त्यांकडे वळवले होते, आणि तो राउटरचे मूळचे, न बदललेले पासवर्डही घालून बघायचा. राउटर फॅक्टरी रीसेट करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

मेसेजमध्ये जे नाहीच

पासवर्ड. हल्लीचे कितीतरी व्हायरस कॉम्प्युटर बिघडवत नाहीत. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या नोंदी) उचलतात, पाठवून देतात, आणि कधी स्वतःला पुसूनही टाकतात. फॉरमॅटनं कॉम्प्युटर साफ होईल, गेलेला पासवर्ड परत येणार नाही. म्हणून दुसऱ्या स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला. लागण झालेल्या कॉम्प्युटरवर बसून बदललात तर नवाही तिकडे जाईल. पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येतात. मग बँक. पासवर्ड बदलल्यावर ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट’ हा पर्याय वापरा, नाहीतर चोरलेली कुकी चालूच राहू शकते. आणि ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग उघडून बघा, तिथे तुम्ही न घातलेला एखादा पत्ता असेल तर तुमची पत्रं अजूनही कोणीतरी वाचतंय.