आपण मान्यवर नाही आहात

परवा रात्रीपासून माझ्या कानात एकच वाक्य घुमतंय, तेही भोंग्याच्या प्रतिध्वनीसकट. "निळ्या शर्टातले काका... काका... आपण मान्यवर नाही आहात... आहात... कृपया खुर्ची मोकळी करावी."

पुतण्याची जत्रेतली कबड्डी होती, दादाला रजा नव्हती, म्हणून मी गेलो. पुढच्या रांगेत लाल कापड घातलेल्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या. बसलो. एवढाच गुन्हा.

आपण मान्यवर नाही हे माणसाला मनातून ठाऊक असतंच. घरी अधूनमधून आठवणही करून दिली जाते. पण चार वाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तेही "कृपया" लावून? शिवी परवडली असती.

हा निवेदक म्हणजे स्वतंत्र प्रकरण. भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर, हातात माइक. कबड्डीत चढाई करणाऱ्याला तीस सेकंद दम टिकवायचा असतो. याचा तीन तास टिकला. "चढाईला निघालाय सात नंबर, वाघाचं काळीज, चित्त्याची चाल... पांढरी जीप कुणाची असेल त्यांनी ट्रॅक्टरच्या मागून काढावी... आणि बोनस! या बोनसबद्दल आजी सरपंचांकडून एकशे एक, माजी सरपंचांकडून एकशे दोन... एक लहान मुलगा सापडलेला आहे, नाव सांगत नाही, फक्त भजी मागतोय..." या सगळ्यात सात नंबर कधी पकडला गेला ते त्याच्या आईलाही कळलं नसेल.

मी तावातावानं टेबलाकडे निघालो.

"अहो, मी पुतण्याचा सामना बघायला आलोय," मी हळू आवाजात म्हणालो.

माइक चालूच. "काका म्हणतात, ते पुतण्याचा सामना बघायला आलेत. टाळ्या!"

टाळ्या पडल्या.

"पत्रिकेत नाव आहे का आपलं?"

"नाही, पण..."

"काकांचं पत्रिकेत नाव नाही. काही देणगी?"

आता दोन हजार डोळे माझ्या खिशाकडे. पाचशेची नोट होती, ती आत ढकलली आणि पन्नासची काढली.

"काकांकडून पन्नास रुपये! काकांना बसायला जागा द्यावी." मी खुर्चीकडे वळलो. "सतरंजीवर."

तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली. भांडण्याच्या भरात माझा एक पाय मैदानाच्या लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्ट्यात होता. नियम असा, की झटापट झाल्याशिवाय लॉबीत पाय टाकला तर खेळाडू बाद. मी तर कुणाला शिवलोही नव्हतो. "काका बाद!" निवेदक ओरडला आणि त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा माझ्या नावावर जमा झाला. तसं बघायला गेलं तर याच लॉबीनं मोठमोठ्यांची अब्रू टांगणीला लावली आहे. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना 28-28 वर असताना लॉबीच्या नियमावरूनच जवळपास तासभर अडला. कुणाला किती गुण यावर पंच एकदा असं म्हणत, एकदा तसं, आणि खेळाडू मॅटवर ठिय्या मारून. शेवटी आपण 33-29 नं जिंकलो. त्यांना निदान दाद मागायला जागा होती. माझी दाद मागायची जागा म्हणजे तोच माइक.

मध्यंतर नियमानं पाच मिनिटांचं. झालं चाळीस मिनिटांचं, कारण मान्यवर आले. शाल, श्रीफळ, फोटो. पुन्हा शाल, कारण पहिल्या फोटोत डोळे मिटले होते. असे अकरा सत्कार. घामानं भिजलेली चौदा पोरं तेवढा वेळ वाऱ्यात उकिडवी बसून. पुतण्याचा गुडघा सोलवटून निघालेला, त्यावर कुणीतरी हळद दाबली, कारण प्रथमोपचाराची पेटी जीपमध्ये होती आणि जीप ट्रॅक्टरच्या मागे. अकरा शालींच्या पैशांत त्या पोरांना गुडघ्याचे पॅड आले असते की नाही, हा हिशेब मी सतरंजीवर बसून तीनदा केला. तिन्ही वेळा आले.

मग माझ्या खुर्चीतले मान्यवर बोलायला उठले. खेळ आपल्याला आयुष्याचे धडे देतो, म्हणाले. हार पचवायला शिका, वेळ पाळायला शिका. येताना ते दीड तास उशिरा आले होते. भाषण संपवून, दुसरा डाव सुरू व्हायच्या आत, धूळ उडवत गेलेही. खुर्ची पुन्हा रिकामी. निवेदकानं मला बोलावलं नाही. कबड्डीत जोडीदारानं गडी टिपला की बाद झालेला आत येतो. मी बराच वेळ आशेनं बघत होतो.

दुसऱ्या डावातल्या पहिल्याच चढाईत पुतण्याच्या पोटरीत गोळा आला. थंड पडलेल्या पायांचं दुसरं काय होणार? तीन गुणांनी हरले. "काका, तुम्ही कशाला गेलात टेबलापाशी?" एवढंच तो म्हणाला. माझं तोंड बंद. लंगडतोय तो अजून.

सकाळी एसटी स्टँडवर चहा घेतला. टपरीवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. शर्ट तोच होता, निळा.

"रात्रीचे काका ना?"

"हो."

"मग दहा रुपये द्या. मान्यवरांकडून घेत नाही आपण."