हळदीचा लाल डाग आणि कडक टॉवेल : आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या कपडे धुण्याच्या पावडरीने शर्टावरचा हळदीचा डाग जायच्या ऐवजी लाल झाला, फेस येत नाही, टॉवेल कडक होतात आणि ‘पर्यावरणाच्या नावाखाली नुसते पैसे घेता’, असं आपण लिहिलंय.

डाग लाल झाला तो धुण्याच्या सोड्यामुळे. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, तोच प्रकार. सोडा असलेल्या कुठल्याही पावडरने हे होतं आणि साध्या पाण्यात नीट खळबळलं की डाग पुन्हा पिवळा होतो. आमच्या पावडरीतली एन्झाइम्स (डाग तोडणारी प्रथिनं) तेल, डाळ, दूध, घाम यांवर चालतात, हळदीच्या रंगावर नाही. पण हा रंग बहुतेक वेळा फोडणीच्या तेलातून बसतो, म्हणून आधी तेल काढायचं. कोमट पाण्यात पावडर घालून अर्धा तास भिजवा. उकळतं पाणी नको, एन्झाइम्स निकामी होतात. मग ५०-६० अंश गरम, १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजनचं ब्लीच) घालून तासभर ठेवा, खळबळा आणि ओलाच शर्ट कडक उन्हात टाका. उरलेला पिवळेपणा ऊनच काढतं. रेशीम आणि लोकरीला मात्र यातलं काहीच करू नका.

आपल्याकडे बोअरचं पाणी आहे म्हणता, टॉवेलची गोम तिथेच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम सोड्याशी मिळून धाग्यांवर चुनखडीचा थर बसतो. फॉस्फेट घातलं तर तो सहज थोपवता येतो. पण तेच फॉस्फेट सांगलीच्या शेरीनाल्यातून कृष्णेत उतरलं की शेवाळ आणि जलपर्णीला खत होतं. ते आम्ही घालणार नाही. त्याऐवजी सोडियम सायट्रेट आहे. कॅल्शियमवर त्याची पकड थोडी कमी, म्हणून पावडरीची मात्रा वाढवावी लागते: ७ किलोच्या मशीनला नळाच्या पाण्यावर ३० ग्रॅम, बोअरच्या पाण्यावर ५० ग्रॅम. शेवटच्या खळबळीला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून घाला. पावडरीसोबत घातलं तर दोन्ही वाया जातात, आणि क्लोरीनच्या ब्लीचसोबत कधीच नाही, विषारी वायू सुटतो. आधीच कडक झालेले टॉवेल १० लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून तासभर भिजवा.

फेस मुद्दाम कमी ठेवलाय. मळ फेसाने निघत नाही, उलट फेस काढायला पाणी जास्त लागतं.

भावाचं म्हणाल तर पाकिटाचा नाही, एका धुण्याचा हिशेब करा. नुसतं वजन वाढवायला भरीचं सोडियम सल्फेट आम्ही घालत नाही.

उरलेलं पाकीट आणि बाटलीभर बोअरचं पाणी दुकानात आणा, जडपणा तपासून मात्रा सांगतो. पावडर नकोच असेल तर पूर्ण पैसे परत मिळतील.