"बसतो" म्हणे!

आज स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे एक तरुण मुलगा उभा होता. मोबाइलवर जुन्या डिझेल फिल्टरचा फोटो घेऊन आला होता. काउंटरवरच्याने फोटोकडे धड बघितलंही नाही. मागे वळला, एक डबा काढून आपटला, "घ्या, हाच बसतो." मुलगा चाचरत म्हणाला, "नक्की ना?" तर उत्तर काय, "अहो, सगळे हाच नेतात!"

डोकंच फिरलं माझं. हेच वाक्य मी तीन वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि मुकाट्याने डबा घेऊन घरी आलो होतो.

बसला होता हो तो फिल्टर. थ्रेड जुळले, रिंग बसली, थेंबभर गळती नाही. काही महिने गाडी छान पळाली. मग एका रात्री चढावर, शेजारी आई बसलेली, आणि ॲक्सिलरेटर दाबतोय तरी गाडी पिकअप घेईना. दोन जर्क दिले आणि बंद. मागून ट्रकचे दिवे अंगावर येत होते. आई एक शब्द बोलली नाही. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड घट्ट धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने तो फिल्टर माझ्यासमोर कापला. आतल्या कागदाच्या घड्या डिंक सुटून एका बाजूला गोळा झालेल्या. डिझेलची वाटच बंद. तळाशी गढूळ पाणी. त्या पाण्याने इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे दोन इंजेक्टरही नेले, आणि त्यांचा खर्च फिल्टरवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट.

लोकांना वाटतं, गाळणीच तर आहे. अरे, टायरमध्ये हवेचा दाब असतो 2 ते 2.5 बार. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेल 1,600 ते 2,000 बारच्या दाबाने इंजेक्टरकडे जातं! माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, आणि इथे त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा कणही पंप-इंजेक्टर खरवडतो. शिवाय डिझेल फिल्टरने पाणी वेगळं करून तळाशी साठवायचं असतं. हे सगळं "बसतो" या एका शब्दात उरकायचं?

मान्य, गाडीच्या कंपनीचा डबा नसला म्हणजे माल वाईटच असं नाही. बॉश, माहले यांसारख्या कंपन्या कारखान्यांनाही फिल्टर देतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. खुशाल घ्या. पण पार्ट नंबर जुळवून घ्या! मॉडेल तेच, वर्ष तेच, तरी इंजिन वेगळं असू शकतं. चॅसी नंबर 17 अंकाक्षरांचा असतो तो याच कामासाठी उपयोगी पडतो. तो विचारायला असा किती वेळ लागतो?

तो काउंटरवरचाही दिवसभर उभाच असतो, ठाऊक आहे मला. येणारा प्रत्येक जण आधी "स्वस्तातला दाखवा" म्हणतो. मीही तेच म्हणालो होतो. तरीसुद्धा, समोरचा विश्वासाने विचारतोय तर एकदा कॅटलॉग उघडावा ना.

शेवटी राहवलं नाही. मुलाला म्हटलं, "बाळा, थांब जरा. गाडीवरच्या चॅसी नंबरचा फोटो काढून आण." तो धावत जाऊन घेऊन आला. काउंटरवरच्याने तोंड वाकडं केलं, पण कॉम्प्युटरवर नंबर टाकला. निघाला वेगळाच फिल्टर, खाली पाण्याच्या सेन्सरसाठी भोक असलेला. आधीच्या डब्यातल्याला ते नव्हतंच.

मुलगा म्हणाला, "काका, थँक्यू. उद्या आईबाबांना घेऊन लांब जायचंय."

मला पुढे काही बोलताच आलं नाही. माझी आई अजूनही चढ लागला की डॅशबोर्डला हात लावते.